सेप्टिक टँकमधल्या मृत्यूंवर विधानसभेत प्रश्न : ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर येऊ नये म्हणून मसुदा कसा करावा?

कागदोपत्री यांचा प्रश्न :

आमच्या नगरपरिषद हद्दीत एका खासगी गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टँकमध्ये उतरलेले दोन सफाई कामगार गुदमरून गेले. पहिला आत कोसळला, त्याला काढायला दुसरा उतरला, तोही गेला. पोलिसांत फक्त अकस्मात मृत्यूची नोंद आहे. गुन्हा दाखल नाही आणि घरच्यांना भरपाईही नाही.

एक आमदार अधिवेशनात प्रश्न विचारायला तयार आहेत. त्यांच्या पीएंनी मसुदा आमच्याकडेच मागितलाय. मागे शेजारच्या तालुक्यातल्या अशाच प्रकरणावर प्रश्न गेला होता, त्याला ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही’ एवढंच उत्तर छापून आलं. तसं पुन्हा होऊ नये. आत्ताचा मसुदा असा आहे :

‘राज्यात हाताने मैला साफ करताना अनेक कामगारांचे मृत्यू होत असून शासन याबाबत पूर्णतः निष्क्रिय आहे व दोषी ठेकेदारांना पाठीशी घालत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, दोषींवर कारवाई कधी करणार? असल्यास, वारसांना न्याय कधी मिळणार?’

यात काय बदलावं? प्रश्न कोणत्या मंत्र्यांच्या नावे टाकायचा, तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणारा) की लक्षवेधी (तातडीच्या बाबीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना)? लोकसभेतूनही कुणी विचारलं तर उपयोग होईल का?

---

तारांकित यांचं उत्तर :

हा मसुदा जसाच्या तसा गेला तर उत्तर तेच येणार. मंत्र्यांना सुटायला जागा प्रश्नातच करून ठेवल्या आहेत.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे ‘हाताने मैला साफ करताना’ हे शब्द. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अस्वच्छ शौचालय, उघडं गटार किंवा खड्ड्यातली मानवी विष्ठा हाताने उचलणं ही एक. मलवाहिनी किंवा सेप्टिक टँक सुरक्षा साधनांशिवाय साफ करायला लावणं ही दुसरी. हिला कायदा ‘धोकादायक सफाई’ म्हणतो, तिची व्याख्या कलम २ मध्ये आणि बंदी कलम ७ मध्ये आहे. तुमच्याकडचे मृत्यू दुसऱ्या प्रकारातले आहेत आणि प्रश्न पहिल्याबद्दल विचारलाय.

हा किस काढण्याचा प्रकार नाही. २८ जुलै २०२१ रोजी राज्यसभेत मल्लिकार्जुन खर्गे आणि एल. हनुमंतय्या यांच्या प्रश्नाला सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी लेखी उत्तर दिलं, की हाताने मैला साफ करण्यामुळे एकाही मृत्यूची नोंद नाही. देशभर गदारोळ झाला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच मंत्रालयाने लोकसभेत सांगितलं होतं, की ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या पाच वर्षांत मलवाहिन्या आणि सेप्टिक टँक साफ करताना ३४० जणांचा जीव गेला. मंत्रालय एक, साल एक. कायद्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला की ३४० चे शून्य होतात आणि वर उत्तर खोटंही ठरत नाही.

दुसरं, ‘निष्क्रिय’ आणि ‘पाठीशी घालत आहे’. आरोप, विशेषणं, उपरोध असलेला प्रश्न सचिवालयात नाकारला जातो किंवा शब्द काढून टाकले जातात. तिथून सुटला तरी मंत्री नेमकं तेवढंच नाकारतात. ‘शासन निष्क्रिय आहे, हे खरे आहे काय?’ याला ‘हे खरे नाही’ हे एकच उत्तर कोणतंही सरकार देणार, आणि मृत्यूंचा मुद्दा त्याच ‘नाही’खाली गाडला जाणार.

तिसरं, एका उपभागात तीन विधानं आहेत. मृत्यू होतात, शासन निष्क्रिय आहे, ठेकेदारांना वाचवतं. यातलं एक जरी चुकलं तरी ‘हे अंशतः खरे आहे’ असं येतं, आणि कोणता अंश खरा हे कुणी सांगत नाही. एका उपभागात एकच विधान ठेवा, तेही ज्याचा कागद तुमच्या हातात आहे असंच.

चौथं, ‘असल्यास’ची साखळी. पहिलं नाकारलं की ‘असल्यास’ने सुरू होणारे पुढचे सगळे भाग आपोआप ‘उद्भवत नाही’त जातात. शेजारच्या तालुक्याचं तेच झालं असणार. म्हणून निदान दोन भाग तरी स्वतःच्या पायावर उभे राहतील असे हवेत.

मी असा करेन :

‘सन्माननीय सामाजिक न्याय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) …… नगरपरिषद (ता. ……, जि. ……) हद्दीतील एका गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टँकची सफाई करताना दोन कामगारांचा मृत्यू झाल्याची घटना दिनांक …… रोजी वा त्यासुमारास घडली, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, सदर कामगारांना संरक्षक साधने पुरविण्यात आली होती काय, तसेच टँकमध्ये माणूस उतरविण्यास नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांची लेखी परवानगी होती काय,
(३) सदर घटनेबाबत २०१३ च्या अधिनियमातील कलम ७ व ९ अन्वये गुन्हा कोणत्या दिनांकास दाखल करण्यात आला, दाखल झाला नसल्यास त्याची कारणे काय आहेत,
(४) मा. सर्वोच्च न्यायालयाच्या दिनांक २० ऑक्टोबर, २०२३ च्या निर्णयानुसार मृतांच्या वारसांना प्रत्येकी रुपये ३० लाख अदा करण्यात आले आहेत काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत,
(५) दिनांक १ एप्रिल, २०२० पासून राज्यात मलवाहिनी व सेप्टिक टँकची सफाई करताना किती कामगारांचा मृत्यू झाला, त्यांपैकी किती प्रकरणी उपरोक्त अधिनियमाखाली गुन्हे दाखल झाले व किती वारसांना भरपाई मिळाली, त्याची जिल्हानिहाय माहिती काय आहे ?’

‘रोजी वा त्यासुमारास’ गाळू नका. घटना रात्री घडली, नोंद दुसऱ्या दिवशी झाली, तुम्ही पहिली तारीख दिली आणि खात्याने दुसरी धरली, तर ‘सदर दिनांकास अशी घटना घडलेली नाही’ असं खुशाल छापून येतं. या तीन शब्दांनी ती वाट बंद होते.

(५) हा खरा गळ आहे. (१) ते (४) स्थानिक न्यायासाठी आहेत. (५) चा आकडा एकदा छापला गेला की तो शासनाचाच आकडा झाला, पुढे न्यायालयात, आयोगापुढे, वर्तमानपत्रात कुठेही वापरता येतो.

---

आवक-जावक यांचं उत्तर :

वरचा मसुदा उत्तम आहे. पण उत्तर कोण लिहितो ते आधी समजून घ्या.

मंत्री सभागृहात वाचतात तो कागद असा प्रवास करतो : विधानमंडळ सचिवालयातून प्रश्न मंत्रालयातल्या विभागाच्या कार्यासनाकडे येतो. तिथून जिल्हाधिकारी आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे, तिथून नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे. मुख्याधिकारी चार ओळींचा अहवाल देतात आणि तोच उलट्या वाटेने वर जातो. म्हणजे ज्या कार्यालयावर ठपका येऊ शकतो, त्याच कार्यालयात उत्तराचा पहिला मसुदा तयार होतो. वरचा कक्ष अधिकारी घटनास्थळी जात नाही, तो समोरच्या फाइलवरून उत्तर लिहितो.

म्हणून प्रश्न देण्याआधी फाइलमध्ये तुमचे कागद असले पाहिजेत. मुख्याधिकारी, पोलीस ठाणे, जिल्हाधिकारी आणि सहायक आयुक्त (समाजकल्याण) यांना घटनेची तारीख, ठिकाण आणि मागण्या लिहिलेलं पत्र द्या, आणि पोच प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक असलेलं पत्र टेबलावर असताना ‘अशी बाब निदर्शनास आलेली नाही’ हे लिहायला बाबू कचरतो, कारण उद्या तेच पत्र सभागृहात फडकवलं जाईल. सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाका. ३० दिवसांची मुदत असल्याने अधिवेशनाच्या तोंडावर टाकून उपयोग नाही.

गोळा करायचे कागद म्हणजे अकस्मात मृत्यू नोंदीचा क्रमांक आणि प्रत, शवविच्छेदन अहवाल, संस्थेने ठेकेदाराला दिलेला कार्यादेश किंवा पैसे दिल्याची पावती, रुग्णालयात आणल्याची वेळ. शवविच्छेदनात गुदमरणं किंवा विषारी वायू असं आलं असेल तर ‘पाय घसरून पडला’ ही नेहमीची बतावणी टिकत नाही.

खात्याचा घोळ नीट सांभाळा. कायद्याची अंमलबजावणी आणि भरपाई सामाजिक न्याय, मुख्याधिकारी नगरविकास, गुन्हा गृह, आणि गृहनिर्माण संस्था सहकार खात्याखाली. एकाच प्रश्नात चारही कोंबले तर प्रश्न या खात्यातून त्या खात्यात फिरतो आणि अधिवेशन संपतं. मुख्य प्रश्न सामाजिक न्यायकडे ठेवा. गुन्हा का नाही यावर गृहमंत्र्यांना स्वतंत्र प्रश्न टाका, शक्यतो दुसऱ्या आमदारांच्या सहीने. सहकार खात्याकडे मात्र जाऊ देऊ नका. तिथे गेला की उत्तर ‘संस्था स्वायत्त असून दैनंदिन कामकाज व्यवस्थापक समिती पाहते’ या वळणावर जातं.

घटना खासगी संस्थेतली आहे म्हणून शासन हात झटकेल, त्याची तयारी ठेवा. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये खासगी गृहसंकुलाच्या टाकीत तिघे गेले होते. त्यात मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये तिन्ही विधवांना प्रत्येकी १० लाख द्यायला जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं. तेव्हा रक्कम १० लाख होती, कारण सर्वोच्च न्यायालयाचा २७ मार्च २०१४ चा निकाल लागू होता. २०२३ च्या निकालाने ती ३० लाख झाली.

तारांकित की लक्षवेधी, यावर माझं मत लक्षवेधीच्या बाजूने आहे. तारांकितच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, त्यामुळे ताज्या घटनेला ती गाडी चुकलेलीच असते. नागपूरचं हिवाळी अधिवेशन तर एक-दोन आठवड्यांत गुंडाळतात. नियम १०५ ची लक्षवेधी अधिवेशन चालू असताना देता येते, मंत्र्यांना निवेदन करावं लागतं आणि त्यावर प्रश्न विचारता येतात.

---

तारांकित यांचं उत्तर :

इथे थोडा मतभेद. लक्षवेधी स्वीकारली जाईलच असं नसतं. दिवसाला ढिगाने येतात, त्यातल्या मोजक्या लागतात, आणि कोणत्या लागतात यात पक्षाच्या गटनेत्यांचं वजन चालतं. लागली तरी निवेदन एका घटनेपुरतं असतं, राज्याचा आकडा त्यात हाती लागत नाही. तारांकित प्रश्न तोंडी चर्चेला आला नाही तरी लेखी उत्तर छापलं जातं, आणि आपल्याला हवं ते छापलेलं उत्तरच. दोन्ही द्या. घटनेसाठी लक्षवेधी आणि (५) सारख्या आकड्यांसाठी तारांकित. अतारांकितच्या (फक्त लेखी उत्तराच्या प्रश्नाच्या) वाटेला जाऊ नका, त्याचं उत्तर अधिवेशन उलटून गेल्यावरही येत राहतं.

आणखी एक. तारांकितवर एकापेक्षा जास्त आमदारांची नावं चढवून घ्या, दोन पक्षांची असली तर फारच छान. पुकारा झाला तेव्हा एक सदस्य गैरहजर असला तरी दुसरा उठून प्रश्न विचारू शकतो.

---

संसदमार्ग यांचं उत्तर :

लोकसभेबद्दल लिहितो.

सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, क्रम सोडतीने ठरतो. प्रश्नोत्तराच्या तासात त्या वीसमधले चार-पाचच तोंडी होतात. राज्यसभेत १५ तारांकित आणि १६० अतारांकित. प्रश्नाचा मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. मंत्रालयांचे दिवस वाटलेले असतात. सामाजिक न्याय आणि गृह ही दोन्ही खाती लोकसभेत मंगळवारी आणि राज्यसभेत बुधवारी येत आली आहेत, तरी त्या अधिवेशनाचा तक्ता बघूनच तारीख टाका. चुकीच्या वाराला दिलेला प्रश्न फुकट जातो.

विधानसभेच्या उलट इथे अतारांकित कमी लेखू नका. त्याच दिवशी लेखी उत्तर पटलावर येतं, राज्यवार तक्ता जोडलेला असतो आणि नंतर संकेतस्थळावर शोधूनही सापडतो. आकडे हवे असतील तर अतारांकितच मागा.

केंद्राची ठरलेली पळवाट म्हणजे ‘पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत’ आणि तिची जुळी बहीण, ‘सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा राज्यांचा विषय आहे’. सातव्या अनुसूचीप्रमाणे ते बरोबरच आहे, त्यामुळे वाद घालून उपयोग नाही. राज्याने काय केलं हे विचारण्याऐवजी केंद्राने स्वतः काय केलं ते विचारा. २०१३ चा कायदा संसदेचा आहे, त्यात केंद्रीय संनियंत्रण समिती आहे. तिच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या? महाराष्ट्राने सेप्टिक टँकमधल्या मृत्यूंची किती संख्या कळवली आणि कोणत्या तारखेच्या पत्राने? ‘नमस्ते’ या यांत्रिक सफाईसाठीच्या केंद्राच्या योजनेखाली महाराष्ट्रातल्या किती सफाई कामगारांची नोंद झाली, त्यांपैकी किती जणांना सुरक्षा संच मिळाले? ही सगळी माहिती केंद्राच्या फाइलींमध्ये आहे, ती राज्याच्या गळ्यात मारता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. हाच आकडा विधानसभेतही मागा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. केंद्र राज्यांनी कळवलेलं सांगतं, राज्य जिल्ह्यांनी कळवलेलं. दोन्ही क्वचितच जुळतात. तो फरक म्हणजे पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न.

‘माहिती उपलब्ध नाही’ या उत्तराची भीती बाळगू नका, पण ते कुठल्या शब्दांमुळे आलं ते तपासा. १४ सप्टेंबर २०२० ला कामगार मंत्रालयाने लोकसभेत सांगितलं, की टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची माहिती ठेवलेली नाही, म्हणून भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी सांगितलं, की ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. दोन्ही ठिकाणी भानगड एकच. मृत्यू झाले, पण ज्या कारणाखाली विचारलं ते नोंदवायचा रकानाच नव्हता. तुमच्या प्रकरणात तोच धोका आहे. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झालेली माणसं समाजकल्याणच्या यादीत शिरतच नाहीत. म्हणून प्रश्नात असा एक भाग घाला : ‘मलवाहिनी वा सेप्टिक टँकमधील मृत्यूंबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ अन्वये अकस्मात मृत्यू म्हणून किती नोंदी झाल्या, व त्यांपैकी किती प्रकरणांची माहिती सामाजिक न्याय विभागास कळविण्यात आली?’ पोलिसांची नोंद आणि समाजकल्याणची यादी यांच्यामधली फट अशी छापील उत्तरात पकडता येते. हा भाग गृहमंत्र्यांच्या प्रश्नात टाका.

---

कागदोपत्री :

सगळ्यांचे आभार, खूपच स्पष्ट झालं. तीन शंका आहेत. काल कळलं की पोलीस आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा घेणार आहेत. मग ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून उत्तर टाळतील का? दुसरं, आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत, ते उपप्रश्न कितपत ताणतील? आणि खासदारांच्या कार्यालयातला एक जण म्हणतो की तुम्हीच पोर्टलवर प्रश्न भरा, मी लॉगिन देतो. भरू का?

---

तारांकित यांचं उत्तर :

लॉगिन अजिबात घेऊ नका. लोकसभेच्या पोर्टलचं लॉगिन बाहेरच्या व्यक्तीला दिल्याच्या प्रकरणात ८ डिसेंबर २०२३ रोजी एका खासदाराचं सदस्यत्व गेलं आहे. मजकूर कागदावर किंवा ईमेलने द्या, भरायचं काम त्यांचं. पैशाचा तर विषयच काढू नका. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून दोन्ही सभागृहांतले मिळून ११ खासदार घालवले गेले. संस्थेच्या ‘देणगी’लाही त्यात वेगळी वागणूक मिळणार नाही.

कलम १०६ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, जुन्या भारतीय दंड संहितेतल्या ३०४-अ ची जागा. ते लागलं तरी २०१३ च्या कायद्याचं कलम ९ सुटलेलंच आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा पाच वर्षं आणि पाच लाख. आणि हे कलम लागलं तरच प्रकरण त्या कायद्याच्या आकडेवारीत मोजलं जातं. मयत अनुसूचित जातीचे असतील तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा विचार का झाला नाही, हेही गृहमंत्र्यांच्या प्रश्नात येऊ शकतं.

‘न्यायप्रविष्ट’ची ढाल पोलीस तपास चालू असताना नीट चालत नाही, प्रकरण न्यायालयात उभं राहिल्यावर चालते. तेव्हाही फक्त दोष कुणाचा एवढ्यापुरतीच. भरपाई दिली का, साधनं पुरवली होती का, राज्यात एकूण किती मृत्यू, यातलं काहीच न्यायाधीशांपुढच्या निवाड्यावर अवलंबून नाही. म्हणून प्रश्नात ‘दोषी’, ‘जबाबदार’, ‘हत्या’ हे शब्द ठेवू नका आणि ठेकेदाराचं नावही घालू नका. नाव घातलं की प्रश्न व्यक्तीवर जातो आणि अडतो.

---

आवक-जावक यांचं उत्तर :

सत्ताधारी आमदार ही अडचण नाही, कधी कधी सोयच असते. विरोधकाने विचारलं की मंत्री बचावात जातात. आपल्याच माणसाने विचारलं की ‘सन्माननीय सदस्यांनी महत्त्वाचा विषय मांडला’ म्हणून सुरुवात होते आणि काहीतरी पदरात टाकायची घाई असते. फक्त उपप्रश्न आयते हवेत. पीएंना भलीमोठी टिपणी देऊ नका, ती वाचली जात नाही. एका पानावर ठळक अक्षरात तीन उपप्रश्न आणि प्रत्येकाखाली पुराव्याच्या कागदाचा क्रमांक. पुरे.

हे तीन चालतील :

‘अकस्मात मृत्यू नोंद क्रमांक अमुक दिनांक तमुकची आहे. त्यानंतर आजपर्यंत कलम ७ खाली गुन्हा का नाही, आणि तो किती दिवसांत दाखल होईल?’

‘वारसांना ३० लाख कोणत्या तारखेपर्यंत देणार?’

‘कलम २४ प्रमाणे जिल्हा दक्षता समिती या जिल्ह्यात आहे काय, आणि तिची शेवटची बैठक कधी झाली?’

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकदा मंत्र्यांची पंचाईत होते, कारण समिती कागदावर असते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्यातून निवडून आलेले अनुसूचित जातीचे आमदार पदसिद्ध सदस्य. तुमचे आमदार त्यात बसत असतील तर हा प्रश्न आधी त्यांनाच विचारा, नाहीतर सभागृहात तो त्यांच्यावरच उलटेल.

मंत्री ‘तपासून पाहू’ म्हणाले तर तिथे थांबू द्यायचं नाही, ‘किती दिवसांत?’ हे विचारायलाच हवं. ‘तपासून कार्यवाही करू’, ‘माहिती घेऊन पटलावर ठेवू’ ही वाक्यं आश्वासन ठरतात आणि आश्वासन समितीकडे जातात. संसदेत त्यांच्या पूर्ततेला तीन महिने असतात. इथेही समिती सचिवांना बोलावून विचारते, पण मुदत मंत्र्यांच्याच तोंडची असली की टाळाटाळ अवघड होते. उत्तर गोलमाल वाटलं तर अध्यक्षांना प्रश्न राखून ठेवण्याची विनंती करता येते. राखून ठेवला की तोच प्रश्न पूर्ण माहितीसह पुन्हा घ्यावा लागतो. नियम ९४ ची अर्धा तास चर्चाही आहे, पण तिथे रिकाम्या बाकांपुढे बोलायची तयारी ठेवा.

---

मांडवीपार यांचं उत्तर :

गोव्यातली पद्धत तुलनेसाठी. विधानसभा ४० जणांची, त्यामुळे एकेका आमदाराच्या वाट्याला बरेच प्रश्न येतात. इथे बोलताना सगळे प्रश्नाला ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. ‘हे खरे आहे काय’पेक्षा ‘तपशील द्यावा’ हा ढंग जास्त, म्हणून उत्तराला पानंच्या पानं जोडपत्रं येतात. महाराष्ट्राच्या मसुद्यातही शेवटच्या भागात ‘जिल्हानिहाय माहिती’ला जोडून ‘वर्षनिहाय’ घातलंत तर खात्याला तक्ता करावाच लागतो, एका ओळीत निभावत नाही.

---

संसदमार्ग यांचं उत्तर :

दोन गोष्टी राहिल्या.

चुकीचं उत्तर आलं तर हक्कभंगाची भाषा लगेच सुरू होते, पण ‘जाणूनबुजून दिशाभूल’ सिद्ध करणं महाकठीण. लोकसभेत अध्यक्षांचा निर्देश ११५ आहे. मंत्र्यांच्या उत्तरातली चूक पुराव्यासह लेखी दाखवली की मंत्र्यांकडून खुलासा मागवला जातो. सदस्यांना तो फारसा माहीत नसतो, त्यामुळे मसुद्यासोबत एक ओळ लिहून ठेवा.

दुसरं, अधिवेशनाची वाट बघत मानवी हक्क आयोगाची मुदत घालवू नका. घटनेपासून एक वर्ष उलटलं की कायद्याने आयोगाला चौकशी करता येत नाही. तक्रार आत्ताच द्या. आयोगाने शासनाकडून अहवाल मागवला तर तोही त्याच फाइलीत जाऊन बसतो, जिच्यावरून मंत्र्यांचं उत्तर लिहिलं जाणार आहे.

आणि ‘तारांकित’ यांच्या मसुद्यातली (५) मधली तारीख बदलून घ्या. १ एप्रिलने आर्थिक वर्ष धरलं जाईल. केंद्राने संसदेत दिलेले आकडे कॅलेंडर वर्षाचे आहेत, उदाहरणार्थ २०१९ ते २०२३ मध्ये मलवाहिन्या आणि सेप्टिक टँकमध्ये देशात ३७७ मृत्यू. राज्याचा आकडा एप्रिल ते मार्च आला तर दोन तक्ते जुळवताच येणार नाहीत आणि ‘कालावधी भिन्न असल्याने तफावत दिसते’ म्हणून खातं मोकळं होईल. ‘दिनांक १ जानेवारी, २०१९ पासून वर्षनिहाय व जिल्हानिहाय’ असं करा आणि मग द्या पीएंकडे.